पावसाळ्यात उभी राहणारी कॅम्पर व्हॅन: उंदीर बाहेर ठेवण्याच्या प्रकल्प नोंदी

२५ मे

यंदा गाडी जूनपासून दिवाळीपर्यंत मामांकडे, पवन मावळात उभी राहणार. गाडी म्हणजे फोर्स ट्रॅव्हलर. आत बाकं उलगडून होणारा पलंग, छोटा ओटा, सिंक, गॅसचा कप्पा, छतावर सोलर. लाकूडकाम आणि वायरिंग दादाने आणि मी केलंय, त्यामुळे कुठली वायर कुठून गेली हे दोघांना तोंडपाठ आहे. या कामात त्याचा मोठा आधार होणार.

मामांच्या घरामागे पत्र्याची शेड, तिच्यापलीकडे गोठा, मग खळं आणि थेट इंद्रायणी भाताची खाचरं. पावसाळ्यात बिळांत पाणी शिरलं की उंदीर उंच, कोरड्या जागी येतात. भात कापला की शेतातलं खाणंही संपतं आणि आडोसाही, मग ते पुन्हा घरांकडे वळतात. म्हणजे आमची गाडी नेमकी या दोन्ही लाटांच्या वाटेत उभी राहणार.

आज एवढंच पक्कं केलं की विष ठेवायचं नाही आणि चिकट पुठ्ठेही नाहीत. बाजारात मिळणारी ब्रोमॅडिओलोनसारखी विषं रक्त गोठू देत नाहीत आणि उंदीर मरायला काही दिवस घेतात. त्या दिवसांत सुस्तावलेला उंदीर मांजराच्या, धामणीच्या किंवा घुबडाच्या तोंडी लागतो आणि विष पुढे जातं. मामांच्या जुन्या पडक्या घराच्या माळ्यावर गव्हाणी घुबडाची जोडी आहे. आपल्या गाडीपायी तिला धक्का लागावा हे मला अजिबात मान्य नाही. शिवाय विष खाल्लेला उंदीर प्लायवूडच्या मागे जाऊन मेला तर अख्खं पॅनेल उचकटावं लागतं.

१ जून

आजचा सगळा दिवस भोकं शोधण्यात गेला. या प्रकल्पातलं सगळ्यात महत्त्वाचं काम हेच.

पद्धत सोपी. गाडी शेडमध्ये घेतली, सगळ्या खिडक्यांना जाड चादरी लावल्या. दादा आत मोठा दिवा घेऊन बसला, मी खाली सतरंजी टाकून चासीखाली आडवी झाले. जिथून उजेड दिसला तिथे खडूने गोल. मग उलट, बाहेरून बॅटरीचा झोत आणि आतून बघणं. हाताशी शाळेतली पेन्सिल ठेवली. पेन्सिल ज्या फटीत जाते तिथून लहान घरउंदीर जाऊ शकतो. त्याला साधारण ६ मिलीमीटरची फट पुरते, मोठ्या उंदराला १२ मिलीमीटरची. डोकं गेलं की बाकीचं अंग मागून येतं.

सापडलेल्या जागा लिहून ठेवते, कारण ट्रॅव्हलरच्या बहुतेक गाड्यांत याच निघतील. सिंकच्या सांडपाण्याचा पाइप फरशीतून खाली जातो तिथे, कारण पाइप ३२ मिलीमीटरचा आणि भोक ५० चं पाडलेलं. ड्रायव्हर सीटखाली इन्व्हर्टरच्या जाड वायरी जातात तिथे. गिअरच्या दांड्याचं रबर एका बाजूने उकललेलं. मागच्या एसीच्या नळ्यांभोवती. सरकत्या दाराच्या खालच्या कोपऱ्यात, जिथे रबराची दोन टोकं मिळतात. वायपरखालच्या जाळीतून एसीच्या ब्लोअरला ताजी हवा जाते ती वाट. आणि गॅसच्या कप्प्याच्या तळाचं भोक.

हे शेवटचं भोक वेगळं आहे. एलपीजी हवेपेक्षा जड असतो. गळती झाली तर तो खाली बसतो आणि तळाच्या भोकातून बाहेर पडतो. उंदराच्या भीतीने ते भोक बुजवलं तर गॅस आतच साठेल. ते बुजवायचं नाही, त्याला फक्त जाळी लावायची. असंच फ्रिजच्या मागच्या झरोक्याचं. ज्यांनी घरी गाडी बांधली आहे त्यांनी सिलिकॉनची नळी हातात घेण्याआधी कुठली भोकं हवेची आहेत ती वेगळ्या रंगाच्या खडूने दाखवून ठेवावीत. आम्ही पिवळा खडू वापरला.

२ जून

सामान आणायला गेलो. काय घ्यायचं यापेक्षा काय घ्यायचं नाही हे ठरवायला जास्त वेळ लागला.

फुगणारा पीयू फोम फट भरतो, पण उंदराचे पुढचे दात जन्मभर वाढत राहतात, त्यामुळे कुरतडणं हा त्याचा रोजचा उद्योग. फोम म्हणजे त्याला मऊ पाव. साधा स्टील वूल चांगला टोचतो, पण मावळातल्या पावसात महिनाभरात गंजून चुरा होतो. भांडी घासायची तारेची घासणी चालते, फक्त स्टेनलेस म्हणून मिळणारी प्रत्येक घासणी सारखी नसते. दुकानात चुंबक नेलं होतं. ज्या घासणीला चुंबक घट्ट चिकटलं ती ठेवून दिली, जिला चिकटलं नाही ती घेतली. तिच्यात बहुधा निकेल जास्त असतं आणि ती ओलाव्यात जास्त टिकते.

जाळी पाव इंची, वेल्ड केलेली, एसएस ३०४ म्हणजे न गंजणाऱ्या स्टीलची. विणलेली बारीक जाळी उंदीर तारा सरकवून रुंद करतो, वेल्ड केलेलीच घ्यावी. बाकी ॲल्युमिनियमचा दीड मिलीमीटर पत्रा, पॉप रिबिटं, रुंद वायसर, रबरी ग्रोमेट, काळं सिलिकॉन.

संध्याकाळी सिंकखालची जागा पूर्ण केली. पत्र्याचा चौकोन कापला, मधे पाइपाच्या मापाचं गोल, मग चौकोन मधोमध चिरून दोन भाग, म्हणजे पाइप न काढता दोन्हीकडून बसवता येतो. गोलाची धार कानशीने मारली. आधी पाइपाभोवती घासणीची तार सैल उलगडून भरली, घट्ट कोंबली नाही. सैल तारेचे वेढे दातांत अडकतात, आणि सिलिकॉनही आतपर्यंत शिरून सगळं एकजीव होतं. वरून दोन्ही पत्रे, चार रिबिटं, कडेने सिलिकॉनची वळी. बोट ओलं करून ती वळी दाबत फिरवली. खालून बघितलं तर आता भोक असल्याची खूणही दिसत नाही.

वायरी जातात तिथे मात्र तार भरायची नाही. गाडीच्या हादऱ्याने तारेची टोकं वायरीचं आवरण कापतात आणि शॉर्ट होतो. तिथे आधी नीट मापाचं ग्रोमेट, म्हणजे भोकाच्या कडेला बसणारी रबरी कडी, वायरींवर कडक फ्लेक्झिबल पाइप आणि त्या पाइपाभोवती पत्रा.

८ जून

उरलेल्या फटी झाल्या. ब्लोअरच्या वाटेत जाळी बसवायला वायपरखालचं प्लास्टिक काढावं लागलं. आत वाळकी पानं आणि कुरतडलेल्या बिया निघाल्या, म्हणजे ही वाट त्यांना आधीच ठाऊक होती.

आज गाडी रिकामीही केली. पीठ, डाळी, शेंगदाणे, मुरमुरे हे सगळं अर्थातच गेलं. पण लोक विसरतात त्या वस्तू वेगळ्या: अंगाचा साबण, मेणबत्ती, कुत्र्याचं खाणं, उदबत्तीचा पुडा, औषधांच्या डब्यातल्या गोड गोळ्या. साबणात चरबी असते, उंदीर तो आवडीने खातो. टिश्यूचे रोल, जुनी वर्तमानपत्रं, लोकरी मोजे हे खाणं नव्हे, पण घरट्याचं सामान आहे. तेही काढलं. गाद्या मामींच्या माळ्यावर गेल्या. ड्रॉवर सगळे उघडे ठेवले. बंद, अंधारी, कोणी हात लावत नाही अशी जागा त्यांना हवी असते. उघड्या, उजेडाच्या खणात पिलं घालायला मादी धजत नाही. तिचे गर्भारपणाचे दिवस जेमतेम तीन आठवडे असतात, म्हणून एक मादी आत राहिली तरी पावसाळ्याअखेर आतला हिशेब फार मोठा होतो.

१५ जून

गाडी कुठे उभी करायची यावर मामांशी बोललो. शेडचं गोठ्याकडचं टोक सोयीचं होतं, चार्जिंगचा पॉइंट तिथेच आहे. मामा म्हणाले, "आगं, तिकडं सरकी-पेंडीची पोती हायत. उंदीर तिथं जेवायचा आन् तुझ्या गाडीत झोपायचा. हिकडं घराच्या अंगाला लाव. माणसांची ये-जा हाय, कुत्रं बसतंय." तिकडेच लावली.

शेडवर फणसाची फांदी टेकली होती. काळा उंदीर उत्तम चढतो, फांदीवरून पत्र्यावर आणि तिथून आमच्या छतावर यायला त्याला काहीच कष्ट नाहीत. दादाने आणि मामांनी ती छाटली. चारही बाजूंचं गवत काढलं. शेडच्या कडेने दोन फूट रुंद आणि अर्धा फूट खोल चर खणून त्यात इंचभर आकाराची खडी भरली. मोठ्या खडीत बीळ धरत नाही, खणलं की ढासळतं. मेहनतीचं काम आहे, पण एकदा केलं की पुढची वर्षं चालतं.

गवत काढण्याला आणखी एक कारण आहे आणि ते उंदराइतकंच खरं आहे. उंदीर जिथे, तिथे त्यांच्या मागावर घोणस आणि नाग. रात्री गाडीची पायरी उतरताना पाय कुठे पडतोय हे दिसलं पाहिजे.

२३ जून

वासांविषयी लिहायला हवं, कारण नैसर्गिक उपाय म्हटलं की सगळे आधी तेच सांगतात.

पुदिन्याचं तेल, निलगिरी, लवंग, कापूर. यातले तीव्र वास उंदराच्या नाकाला झोंबतात हे खरं. पण तेल उडून जातं. पत्र्याच्या गाडीत, दुपारच्या तापात, कापसाच्या बोळ्यावरचा पुदिना काही दिवसांतच नुसता कापूस होतो. आणि मोठ्या उंदराला कुठलीही नवी वस्तू, नवा वास दिसला की तो आपणहून काही दिवस लांब राहतो. तेवढ्यावर लोक म्हणतात उपाय लागू पडला. मग तो सरावतो. जिथे आत ऊब आणि खाणं आहे तिथे नुसत्या वासाने तो परत फिरत नाही. म्हणून आम्ही वास वापरतो, पण बुजवलेल्या भोकांच्या वर, बाहेरून, नवी वाट शोधणाऱ्याला तिथे रेंगाळू न देण्यासाठी. छोट्या बाटलीच्या झाकणाला भोकं पाडून आत पुदिन्याच्या तेलाचा कापूस, चासीला केबल टायने बांधलेला. दर फेरीला तेल नवं.

तंबाखूची पुडी बॉनेटमध्ये बांधायला गॅरेजवाले हमखास सांगतात. दमट हवेत तिला बुरशी येते आणि वास जातो. आमच्या घरात लहान मूल आहे, निकोटिनची पानं हाताला लागतील अशा जागी नकोत.

मामींनी वेखंड आणि कडुनिंबाचा पाला दिला. तो गाद्यांत घातला, कसर आणि किड्यांसाठी तो उत्तम. उंदराला त्याचं काही वाटत नाही, गावात धान्याच्या कणगीत कडुनिंब असतोच आणि उंदीरही असतातच.

डांबराच्या गोळ्या नैसर्गिक नाहीत आणि बंद गाडीत तर नकोच. नॅप्थॅलीनची वाफ गादीत, पडद्यात मुरते. ज्या मुलांच्या रक्तात जी६पीडी हे विकर (एन्झाइम) कमी असतं त्यांच्या तांबड्या पेशी त्याने फुटू शकतात.

बांधाला उंदीरमारी लावलेली आहे, म्हणजे ग्लिरिसिडिया, भाताला हिरवळीचं खत म्हणून. ती गाडीभोवती लावली तर उंदीर येणार नाहीत का, असं कोणीतरी विचारलं. झाडाच्या सावलीने उंदीर पळत नाही. मध्य अमेरिकेत तिची साल-पानं शिजवलेल्या मक्यात मिसळून आमिष करतात. आंबताना त्यातल्या कूमारिनपासून रक्त न गोठू देणारं द्रव्य तयार होतं. झाडापासून आलं तरी ते विषच, आणि आपण विष नाही असं ठरवलंय.

तिखटाचा एक उपयोग मात्र पटतो. मिरचीतलं कॅप्सेसिन सस्तन प्राण्यांना झोंबतं, पक्ष्यांना नाही. होंडा कंपनी वायरींवर गुंडाळायची कॅप्सेसिन लावलेली टेपच विकते. ती इकडे सहज मिळत नाही. मिरचीपूड बॉनेटमध्ये उधळायचा सल्लाही मिळतो, पण ती ब्लोअरमधून आत येईल आणि आपल्याच डोळ्यांत जाईल. त्यापेक्षा वायरींवर कडक आवरण बरं.

१४ जुलै

पाऊस धो धो. पवना धरणाच्या बाजूचा सगळा डोंगर धुक्यात.

तपासणीसाठी रांगोळी वापरतो. प्लायच्या पट्ट्यांवर बारीक चाळलेली रांगोळी पातळ पसरून, एक पट्टी आत सिंकखाली, एक ड्रायव्हर सीटजवळ, बाकीच्या बाहेर चाकांच्या आतल्या बाजूला. पिठाने हे काम होतं, पण पीठ म्हणजे पुन्हा खाणं. रांगोळीत ठसा स्वच्छ उमटतो: पुढच्या पावलाला चार बोटं, मागच्याला पाच, आणि मधून शेपटीची बारीक रेघ.

आतल्या पट्ट्या कोऱ्या. बाहेर, पुढच्या डाव्या चाकाजवळ, ठसेच ठसे. सरळ वर बॉनेटमध्ये गेलेले. बॅटरीच्या ट्रेवर वाळलं गवत, आंब्याची कोय आणि लेंड्या, भाताच्या दाण्याएवढ्या. म्हणजे लहान उंदीर. घुशीच्या किंवा मोठ्या उंदराच्या लेंड्या बऱ्याच मोठ्या असतात.

बॉनेट खालून उघडाच असतो, तो बंद करता येत नाही. पण गाडी शेडखाली असल्याने बॉनेट उभा उघडा ठेवता येतो. आडोसा गेला की मुक्काम करावासा वाटत नाही. आजपासून बॉनेट कायम उघडा, आणि मामा दर आठवड्याला इंजिन सुरू करून गाडी थोडी मागे-पुढे करणार. बॅटरी आणि टायरलाही ते बरं.

सफाई लिहून ठेवते, कारण इथे घाई करायची नसते. लेंड्या, मूत, घरटं यांना कोरडा झाडू नाही, हवेचा फवारा नाही, व्हॅक्यूम नाही. धूळ उडून नाकात जाते. आधी बॅटरीची निगेटिव्ह काढली. रबरी हातमोजे, मास्क. एक भाग ब्लीच आणि नऊ भाग पाण्याने घरटं भिजवलं, पाच मिनिटं तसंच ठेवलं, मग ओल्या कागदाने उचलून पिशवीत. वायरी आणि कनेक्टर नुसत्या ओल्या फडक्याने पुसून लगेच कोरडे. २६ जुलै २००५ च्या पुरानंतर मुंबईत लेप्टोस्पायरोसिसने किती जीव घेतले हे आपण बघितलंय, तो जंतू उंदराच्या मुतातून पाण्यात आणि चिखलात येतो. भाताच्या चिखलात काम करणाऱ्यांना तर त्याचा धोका नेहमीचाच. दादाच्या बोटाला कापलेलं होतं म्हणून त्याला मी या कामाला हात लावू दिला नाही.

१८ ऑगस्ट

बॉनेटमध्ये नवीन काही नाही. आतल्या पट्ट्या कोऱ्या. एका पट्टीवर बारीक, लांब तोंड टेकल्यासारखे ठसे होते, ती चिचुंद्री. ती उंदरांच्या कुळातली नाही, किडे खाते. तिला राहू दे.

२९ सप्टेंबर

आज गाडीपेक्षा रानात जास्त वेळ गेला, आणि मला वाटतं खरं काम तिथेच आहे.

खाचरांच्या बांधांवर मामांनी पक्षीथांबे लावलेत, इंग्रजी टी अक्षरासारख्या बांबूच्या काठ्या. दिवसा त्यांवर कोतवाल बसतो आणि किडे टिपतो, रात्री घुबड बसतं. आम्ही आणखी थांबे शेडच्या अंगाने रोवले. पडक्या घराच्या माळ्याखाली घुबडाने टाकलेल्या गोळ्या पडल्या होत्या. एक पाण्यात भिजवून काडीने उलगडली. करड्या केसांच्या लगद्यात अख्ख्या कवट्या, पुढचे पिवळट नारिंगी दात जागच्या जागी, बरगड्या केसासारख्या बारीक. दादाची मुलगी तासभर त्यावरून उठली नाही. घुबड भक्ष्य गिळतं आणि न पचलेलं असं बाहेर टाकतं. एका गोळीतून जेवढ्या कवट्या निघाल्या तेवढे उंदीर आमच्या गाडीपर्यंत आलेच नाहीत.

यात नवं काही नाही. इस्रायलमध्ये १९८०च्या दशकापासून शेतांत गव्हाणी घुबडांसाठी पेट्या लावतात, मलेशियात तेलताडाच्या बागांत लावतात. आपल्याकडे लक्षद्वीपमध्ये कवरत्ती बेटावर नारळ पोखरणाऱ्या उंदरांसाठी केरळातून या घुबडांच्या जोड्या नेल्या गेल्या. आपल्या गावांत मात्र घुबड म्हटलं की अपशकुन, दिसलं की दगड. लक्ष्मीचं वाहन म्हणून त्याची पूजाही होते आणि दिवाळीच्या तोंडावर त्याचाच बळीही दिला जातो. मामा गावात याबद्दल बोलतात, माळा पाडायला त्यांनी नकार दिलाय. या सगळ्या प्रकल्पात मला त्यांचा तो नकार सगळ्यात मोलाचा वाटतो.

२ नोव्हेंबर

कापणी झाली, खळ्यावर झोडणी चालू. अपेक्षेप्रमाणे दुसरी लाट आली. बाहेरच्या रांगोळीवर पाय ठेवायला जागा नाही.

आतल्या पट्ट्या अजून कोऱ्या, पण सरकत्या दाराच्या खालच्या कोपऱ्यातलं रबर बाहेरून कुरतडलंय, ताजी काळी भुकटी खाली पडलेली. तिथे जून महिन्यात फक्त नवं रबर बसवलं होतं. आज रबराच्या बाहेरून एसएसची एल पट्टी रिबिट केली, दार बंद केल्यावर रबराची कड पट्टीच्या आत लपते. उंदराला दात लावायला कड लागते, सपाट पृष्ठभागावर त्याचे दात धरत नाहीत. हा नियम सगळीकडे लागू: कुठलीही मऊ कड बाहेर दिसू द्यायची नाही.

एक तारेचा पिंजराही शेडच्या भिंतीलगत लावला, कारण उंदीर मोकळ्यावरून न जाता भिंतीच्या कडेने धावतो. आमिष भाजलेलं खोबरं. हा आत शिरलेल्यांसाठी नाही, शेडमध्ये किती वावर आहे ते कळावं म्हणून. मामी रोज सकाळी बघतात.

१६ नोव्हेंबर

गाडी बाहेर काढायची म्हणून पूर्ण तपासणी. चासीखाली पुन्हा सतरंजी, पुन्हा पेन्सिल. सिंकचा पत्रा जसाच्या तसा. घासणीची तार कुठेही गंजलेली नाही. गिअरच्या दांड्याखालच्या पत्र्यावर दातांच्या जोडरेघा आहेत, पण ॲल्युमिनियम पार झालेलं नाही. तिथे पुढच्या उन्हाळ्यात स्टीलचा पत्रा घालू. वायरी सगळ्या शाबूत, इन्व्हर्टर सुरू केला, सिंकचा पंप, दिवे, ब्लोअर सगळं चालू.

गॅसच्या कप्प्याची जाळी काढून बघितली. अर्धी कोळ्याच्या जाळ्याने आणि धुळीने बुजली होती. ब्रशने साफ करून परत बसवली. ही जाळी दर महिन्याला बघायची, उंदीर असोत नसोत. आता त्या कप्प्याच्या दारावर आतल्या बाजूने पिवळ्या रंगाने तसं लिहून ठेवलंय.

गाद्या मामींच्या माळ्यावरून आल्या, दिवसभर उन्हात टाकल्या. मामांसाठी एक पेटी करून देणार आहोत, घुबडाची दुसरी जोडी खळ्याकडे बसली तर हवीच आहे. उरलेलं प्लाय त्याला पुरेल. तोंड सहा इंच, आत शिरल्यावर आडवी भिंत, पिलांना वारा लागू नये म्हणून. माप घेऊन ठेवलंय, दादा पुढच्या फेरीला करवत आणतोय.